पावतीपुस्तक पोरांकडे, चेकबुक काकांकडे

सार्वजनिक गणेश मंडळाच्या पहिल्या बैठकीत काकामंडळी खुर्च्यांवर बसलेली असतात आणि पोरं भिंतीला टेकून उभी. मूर्तिकार ठरलेला, मांडववाला ठरलेला, देखाव्याचा विषयही अध्यक्षांच्या डोक्यात पक्का. शेवटी कोणीतरी म्हणतं, "पोरांनो, तुम्हाला काही सांगायचंय का?" पोरं एकमेकांकडे बघतात. तेवढ्यात चहा येतो.

पुढे वर्गणीसाठी जिने चढतात आणि रात्री मांडवात पहारा देतात ती हीच पोरं. अहवालात 'युवाशक्ती' म्हणून त्यांचा फोटोही छापतात. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शिडीची मूळ कल्पना शेरी आर्नस्टीन यांच्या १९६९च्या लेखातली. तो लेख नागरिकांच्या सहभागाबद्दल होता. हार्ट यांच्या शिडीतल्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. याला ते सहभाग मानतच नाहीत. चहाआधीचा तो प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा.

सगळ्यात वरची पायरी मात्र अनेकांना चकवते. तिथे मुलं एकटी कारभार करत नाहीत. सुरुवात मुलं करतात आणि निर्णय मोठ्यांच्या बरोबरीने घेतात. सगळं मुलांनीच चालवणं ही तिच्या खालची, सातवी पायरी. "घ्या, यंदा सगळं तुम्हीच बघा" म्हणून अंग काढून घेणारे काका स्वतःला कितीही उदार समजोत, भागीदारी त्यांनीही केलेली नसते.

मग मंडळाने करायचं काय? एक खातं निवडून ते पूर्ण द्यायचं. समजा, देखावा. पूर्ण म्हणजे विषय, कारागीर, रक्कम आणि वेळापत्रक, सगळं. त्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं पोरांच्या हातात पडली पाहिजेत, आणि इथेच बहुतेक मंडळं अडतात. "काका, मागच्या वर्षी लायटिंगला किती गेले?" याला "तुला काय करायचंय? तू खुर्च्या लाव" हे उत्तर मिळालं की भागीदारी तिथेच संपली. आकडे न बघता मत द्यायचं तर पोरं "मोठा देखावा करू" एवढंच म्हणणार. मग मोठे म्हणणार, यांना व्यवहार कळत नाही. बिलं पुढ्यात टाका; तीच पोरं मांडववाल्याशी घासाघीस करतात आणि जुना सांगाडा रंगवून वापरायचं सुचवतात.

कायद्याची अडचण खरी आहे. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे मांडववाल्याच्या करारावर सतरा वर्षांच्या मुलीची सही चालत नाही. चेकवर खजिनदाराचीच सही लागते. पण सही कोणाची आणि निर्णय कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. देखाव्याचं बिल आधी त्या मुलीने तपासून "बरोबर" असा शेरा मारायचा आणि मगच काकांनी चेक फाडायचा, एवढा नियम बैठकीच्या वहीत लिहून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. वर्गणीचंही तसंच. पावती फाडणाऱ्यानेच रात्री पैसे मोजून खजिनदाराकडे द्यावेत आणि पोच घ्यावी. त्यात पोराचं संरक्षण आहे आणि काकांचंही.

जिथे मोठे नकार देणारच आहेत, तिथे तो आधीच सांगावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे, आणि शासन ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. ही चर्चेची बाब नाही, असं पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावं. पोरांनी डीजेवाल्याला विसार दिल्यावर नियम दाखवणं म्हणजे त्यांना तोंडघशी पाडणं. बाकी विषयांत त्यांचा निर्णय काकांना पटला नाही, तरी तो त्यांचाच राहू द्यावा. देखावा फसला तर फसला.

बैठकीची वेळ किरकोळ वाटते, पण रात्री साडेनऊच्या बैठकीला मुली येत नाहीत आणि बारावीची मुलंही येत नाहीत. रविवारी सकाळी दहाला बोलावून पाहा.

काकांकडे असलेली खरी पुंजी कुठेच लिहिलेली नसते. मांडवाच्या परवानगीचा अर्ज महापालिकेत कोणत्या टेबलावर जातो, कोणत्या गल्लीतली तार मिरवणुकीच्या गाडीला अडते, कोणत्या दुकानदाराकडे सकाळी वर्गणी मागायची नाही. ही माहिती बैठकीत सांगून कळत नाही. परवानगीला जाताना पोराला बरोबर न्यावं लागतं, आणि तिथे बोलू द्यावं लागतं.

विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या सभेत देखाव्याचा खर्च पोरांनीच वाचावा. प्रश्न आले तर उत्तरंही त्यांनीच द्यावीत. खजिनदारांनी मध्ये पडू नये. आणि खातं एकाच पोराकडे ठेवू नये. तो पुढच्या वर्षी शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर जातो आणि फाईल त्याच्या घरी राहते. एक अकरावीतला आणि एक आठवीतला अशी जोडी लावली, तर मोठा गेला तरी बिलं कुठे आहेत हे धाकट्याला माहीत असतं.