भाकरीचे क्षेत्रफळ

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या माझ्या वर्गात ‘पाय आर वर्ग’ हे सूत्र सर्वांना पाठ होते, ‘का?’ विचारले की शांतता. म्हणून एकदा तांदळाची भाकरी नेली. आधी चार चतकोर केले, मग प्रत्येकाचे चार सारखे तुकडे. हे १६ तुकडे, टोके आळीपाळीने वर-खाली ठेवून, शेजारी-शेजारी मांडले. जवळजवळ आयत झाला: लांबी निम्मा परीघ, म्हणजे पाय गुणिले त्रिज्या, रुंदी त्रिज्या. दोहोंचा गुणाकार तेच सूत्र. तुकडे जितके बारीक, तितका आयत नेमका. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५च्या सुमारास ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत हीच युक्ती सांगितली आहे.

एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा म्हणाला, “सर, आयत तर मला येतो!”

मग भाकरी सर्वांनी वाटून खाल्ली.