‘आयदान’ वाचताना हसू आले तर बिघडले कुठे?

दलित आत्मकथन हाती घेतले की वाचकाने आधी चेहरा गंभीर करायचा, असा एक अलिखित नियम आपल्याकडे पडून गेला आहे. पांढरपेशा वाचक हळहळतो, आपला कार्यकर्ता मुठी आवळतो. हसत कुणीच नाही. हसू आलेच तर ते दाबले जाते. अशा वाचकांना आमचे सांगणे आहे की, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ पुन्हा एकदा काढा आणि या खेपेला मोकळ्या मनाने वाचा.

‘आयदान’ २००३ साली ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. पण कादंबरीसारखे वाचत सुटावे असे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले फणसवळे गाव, शिक्षक असलेला बाप लवकर गेलेला, आणि बांबूच्या सुपा-टोपल्या विणून पोरांना शिकवणारी आई. या विणकामाला कोकणात आयदान म्हणतात. इतरत्र हे काम बुरुडांचे, कोकणात मात्र महारांचे. आई दिवसभर विणत बसणार आणि तयार झालेली टोपली गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला लेकीने जायचे. लेकीला त्याची लाज वाटते, टाळाटाळ सुचते. माय-लेकीची ही ओढाताण वाचताना ज्याला स्वतःचे बालपण आठवणार नाही असा माणूस विरळा.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच गावोगावच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगराची वाट तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्या आहेत. पायाला चटके बसताहेत, मान मोडून आली आहे, आणि या बायांची एकमेकींची थट्टा, नकला, शेलक्या शिव्या अखंड चालू आहेत. लेखिकेने त्यांना रडत चालताना दाखवलेले नाही. पुढे शाळेतला एक प्रसंग येतो. मुलींनी मिळून स्वयंपाक करायचे ठरवले. हिने कशाला हात लावायचा नाही, असे बजावले गेले. जेवण मात्र हिने अगदी चवीने केले, आणि दुसऱ्या दिवशी हिने किती खाल्ले याचीच शाळेत चर्चा! हे वाचून आधी हसू फुटते आणि लगेच ते घशात अडकते. शंभर भाषणांत जे जमत नाही ते या अर्ध्या पानात जमले आहे.

गेल्या वर्षावासात बजाजनगरच्या आमच्या उपासिका मंडळींनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन पूर्ण झाल्यावर रविवारी दुपारी ‘आयदान’ वाचायला घेतले. बजाजनगर म्हणजे वाळूज औद्योगिक वसाहतीतली कामगारवस्ती. १९८५ साली बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची माणसे पोटासाठी इथे येऊन स्थिरावली. वाचायला बसलेल्या बायांपैकी कुणी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापते, कुणी कंत्राटावर पॅकिंग करते. लेकी बारावीला, डिप्लोमाला. आई कॅन्टीनमध्ये आहे हे मैत्रिणींना न सांगणाऱ्या लेकीही त्यात आहेत. टोपली पोचवायला टाळणाऱ्या पोरीचे पान वाचून झाले तेव्हा एक माय लेकीकडे बघून म्हणाली, “आमची बी अशीच हाय, डबा द्यायला गेले की वळखच देत नाही.” सगळ्या हसल्या. लेक आधी लाल झाली, मग तीही हसली. घरात दोन वर्षे जो विषय निघत नव्हता तो असा निघाला.

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आक्षेप घेतला. आपल्या आयाबायांच्या हालअपेष्टांवर हसायचे? हा अवमान नाही काय? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर देतो. आपल्या बोलण्यावर, खाण्यावर, नावांवर इतरांनी पिढ्यानपिढ्या हसून घेतले. ते हसणे वरून खाली येणारे होते. ‘आयदान’मधले हसू त्या बायांचे स्वतःचे आहे, त्याची मालकी त्यांच्याकडे आहे. आणि चळवळीला विनोदाचे वावडे कधी होते? भीमराव कर्डकांच्या जलशांनी लोकांना हसवतच शहाणे केले, हे आपण विसरलो काय?

आमच्या वकिलीतला एक अनुभव इथे सांगावासा वाटतो. अॅट्रॉसिटीच्या खटल्यात फिर्यादी बाई कोर्टाच्या व्हरांड्यात मैत्रिणीशी दोन शब्द हसून बोलली, तर समोरची मंडळी कुजबुजू लागतात : हिच्यावर खरोखर अन्याय झालाय? म्हणजे अन्याय सिद्ध व्हायचा तर बाईने अष्टौप्रहर रडतच राहिले पाहिजे! १९८९ च्या कायद्यात असे कलम कुठेही नाही. पण लोकांच्या डोक्यात ते पक्के आहे, आणि आपल्या साहित्याच्या वाचनातही तेच चोरपावलांनी शिरले आहे.

याचा अर्थ ‘आयदान’ हसण्यावारी न्यायचे पुस्तक आहे असा नव्हे. याच आईने, लेकीला शेणावरून मारणाऱ्या गुरुजींना भर रस्त्यात जाब विचारला होता. विणता विणता उठून केलेला तो सवाल वाचताना विहारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि पुढे लेक मुंबईला येते, नोकरी-संसार सांभाळून एम. ए. करते, बायांच्या संघटनेत जाते, तेव्हा घरातून जी कुरबूर सुरू होते ती वाचताना बाया पुन्हा हसल्या. मागच्या सतरंजीवरचे पुरुष मात्र नाही हसले! व्यासपीठावर समतेचे भाषण आणि घरी आल्यावर ‘चहा कुठंय’, हा अनुभव फक्त रत्नागिरीचा नाही.

सुषमा देशपांडे यांनी ‘आयदान’ रंगमंचावरही आणले. ते नाटक आमच्या वस्तीत यावे, अशी बायांची इच्छा आहे. तोवर पुढचे पुस्तक ठरले आहे, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. नवऱ्याला कळू नये म्हणून बेबीताईंनी आपले लिखाण कित्येक वर्षे लपवून ठेवले होते, हे आम्ही सांगितले तेव्हा पॅकिंगवाल्या ताईंनी लगेच विचारले, “पण लपवलं कुठं, ते आधी सांगा. आम्हालाबी जागा पाहिजे.”