ओक्लाहोमा : वसाहत, राज्यत्व आणि गाळलेला मजकूर

२२ एप्रिल १८८९ रोजी इंडियन टेरिटरीच्या मध्यभागातील जमिनींवर हजारो वसाहतकारांनी धाव घेतली. प्रत्येकी १६० एकरांचा दावा मान्य होता. तथापि ही भूमी निर्जन नव्हती. १८३०च्या दशकात सक्तीने स्थलांतरित केलेल्या चेरोकी, क्रीक आदी जमाती या प्रदेशात आधीच नांदत होत्या. १९०५ मध्ये त्यांनी मागितलेले ‘सेक्वोया’ राज्य काँग्रेसने मान्य केले नाही. १९०७ मध्ये ओक्लाहोमा हे एकच राज्य अस्तित्वात आले. चेरोकी वंशाचे नाटककार लिन रिग्ज यांच्या १९३१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकातील गावकरी स्वतःचे इंडियन रक्त सांगतात, अमेरिकेला परका देश मानतात. त्यावर आधारित ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) या संगीतिकेत ते संवाद गळले, राज्यप्राप्तीचा उत्सव उरला. रूपांतराच्या अभ्यासात म्हणूनच गाळलेला मजकूरही संहितेइतकाच महत्त्वाचा ठरतो.