कसबा ते मंडई: दोन किलोमीटर चाला, 'पुणे' नावाचं गाव शहर कसं झालं ते कळेल

पुण्याला गावाकडून रोज माणसं येतात. कुणाची दवाखान्याची तारीख असते, कुणाचा कोर्टात दावा, कुणाचं मुलाच्या अॅडमिशनचं काम. काम अकरा-बाराला उरकतं आणि परतीची एसटी असते चारची. मधला वेळ स्टँडच्या बाकड्यावर मोबाईल बघण्यात जातो.

याच वेळात जुनं पुणं पायी बघून होतं. कसबा गणपतीपासून महात्मा फुले मंडईपर्यंत वळणावळणाने दोन किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. नुसतं चालायला अर्धा-पाऊण तास, थांबत थांबत बघितलं तर अडीच-तीन तास. गाडी लागत नाही आणि गाईडही लागत नाही. फक्त काय बघायचं आणि ते तिथं का आहे, हे आधी माहीत पाहिजे. नाहीतर शनिवारवाड्यात जाऊन "आत काहीच नाही" म्हणत परत यावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

स्वारगेट किंवा शिवाजीनगरहून मेट्रो पकडा आणि कसबा पेठ स्टेशनला उतरा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यामुळे पेठांतल्या ट्रॅफिकमध्ये अडकायची गरज राहिली नाही. स्टेशनबाहेर आल्यावर कसबा गणपती कुणालाही विचारा, रस्ता दाखवतील.

१. कसबा गणपती: गावाचं दैवत

प्रत्येक गावाला ग्रामदैवत असतं, तसं पुण्याचं ग्रामदैवत कसबा गणपती. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याचाच. 'कसबा' म्हणजे परगण्याचं मुख्य, बाजारपेठेचं गाव. आजही काही गावांच्या नावापुढे 'कसबे' लागतं, ते त्यातूनच आलेलं. थोडक्यात, मूळ पुणं म्हणजे ही कसबा पेठ आणि आजूबाजूची शेती.

हे गाव १६३० च्या सुमारास उद्ध्वस्त झालं होतं. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळलं, जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असं सांगितलं जातं. म्हणजे इथं पुन्हा कुणी वस्ती करू नये, हा इशारा. पुढे जिजाऊ बालशिवाजींना घेऊन आल्या. सोन्याचा फाळ लावून नांगर धरला आणि पळून गेलेल्या कुळांना साऱ्यात सवलत देऊन परत बोलावलं, अशी परंपरा आहे. मंदिराची उभारणीही जिजाऊंनी केली असं मानतात. पुण्याची नवी सुरुवात झाली ती अशी शेतापासून.

२. लाल महाल: मूळ वाडा नव्हे, पण जागा महत्त्वाची

मंदिरातून पाच मिनिटांत लाल महाल येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज दिसणारी इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा आता नाही. तो याच परिसरात होता.

मूळ वाड्यात शिवरायांचं बालपण गेलं. पुढे शाहिस्तेखानाने त्याच वाड्यात मुक्काम ठोकला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवराय मोजके मावळे घेऊन आत शिरले. खान बोटं गमावून वाचला. वाड्याच्या खोल्या, दारं, वाटा शिवरायांना लहानपणापासून पाठ होत्या. खानाला त्या नव्या होत्या, हे विसरू नका.

३. शनिवारवाडा: आत काही का नाही?

लाल महालापासून दोन-तीनशे मीटरवर शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला. तो वार शनिवार होता. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीकडचा, असं सांगतात. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या गावांच्या मालातून हा वाडा उभा राहिला. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात आणि वाड्यात पाणी आणलं.

उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा नीट बघा. दारावर हत्तीच्या डोक्याच्या उंचीला लोखंडी खिळे आहेत. हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून ते ठोकलेत. आत गेलं की फक्त जोती, हौद आणि कारंज्याच्या जागा दिसतात. कारण सोपं आहे. खाली दगड होता, वरचे मजले बहुतांश लाकडाचे. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. लाकूड गेलं, दगड राहिला. त्याआधीच १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं होतं.

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, तोही इथंच. रात्रीच्या भुताच्या गोष्टी त्यातूनच निघाल्या. पण या वाड्याची खरी गोष्ट सत्तेसाठी घरातच लागलेल्या भांडणाची आहे.

वाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात थोडं थांबा. मंडई बांधण्याआधी पुण्याचा भाजीबाजार इथंच उघड्यावर भरायचा. आता इथून पुढे बाजार जिकडे गेला, तिकडेच जायचंय.

४. भिडे वाडा आणि दगडूशेठ: समोरासमोर

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चाललं की दगडूशेठ हलवाई गणपती लागतो. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी. प्लेगमध्ये त्यांचा मुलगा गेला, त्या दुःखातून हा गणपती उभा राहिला असं सांगतात. दर्शनाला रांग असते. वेळ नसेल तर रस्त्यावरूनही मूर्ती दिसते.

बहुतेक जण दर्शन घेऊन तसेच पुढे जातात. पण समोरच्या बाजूला वळून बघा. तिथं भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. वाडा मोडकळीला आला होता. कोर्टातला वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला आणि जागा स्मारकासाठी घेतली. आज गावातल्या ज्या मुली एसटीने कॉलेजला जातात, त्यांची वाट इथून सुरू झाली.

५. विश्रामबागवाडा: लाकूडकाम बघायचं तर इथं

तिथून पश्चिमेला, तांबडी जोगेश्वरीचं दर्शन घेऊन बाजीराव रस्त्यावर या. शनिवारवाड्यात जे जळालं ते कसं दिसत असेल, याचा अंदाज विश्रामबागवाड्यात येतो. दुसऱ्या बाजीरावांनी तो १८०७ च्या सुमारास बांधला. सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब आणि पुढे आलेला सज्जा रस्त्यावरूनही दिसतो. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथं संस्कृत पाठशाळा काढली.

६. महात्मा फुले मंडई: शेवट आणि खरा मुद्दा

तुळशीबागेतल्या गर्दीतून पुढे गेलं की मंडई. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून चहूकडे गेलेल्या गाळ्यांच्या रांगा. ५ ऑक्टोबर १८८६ ला ही सुरू झाली. तेव्हा गव्हर्नर रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणायचे.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करायला त्यांनी विरोध केला होता. आधी गरिबांच्या शिक्षणाची सोय बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. फुले घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. पेशव्यांना फुलं पुरवायचं काम मिळालं म्हणून 'फुले' आडनाव पडलं. वडील गोविंदराव भाजी आणि फुलांच्या धंद्यात होते. शेतकऱ्याच्या पैशातून काय बांधावं आणि आधी काय करावं, हे बोलणारा माणूस त्याच बाजारातून आलेला होता. मंडई झालीच, पण पुढे तिला नाव दिलं ते विरोध करणाऱ्या त्याच माणसाचं.

घाऊक बाजार आता गुलटेकडीला मार्केट यार्डात आहे. तरी मंडईतल्या गाळ्यावर तुमच्या तालुक्याची भाजी अजून दिसेल. भाव विचारून बघा आणि बांधावर काय मिळाला ते आठवा. कसब्यातल्या नांगरापासून चालत आलात, तो रस्ता इथं येऊन थांबतो.

निघण्याआधी

- शनिवारवाड्याला तिकीट आहे. आजचा दर आणि वेळ गेटवर विचारून घ्या.
- सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर चाललेलं बरं. वाड्यात सावली कमी आहे.
- लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेत पाकीट, मोबाईल पुढच्या खिशात ठेवा.
- गणेशोत्सवात हेच रस्ते वाहनांना बंद असतात आणि गर्दी प्रचंड असते. म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर ते दिवस टाळा.
- परत जाताना मंडई स्टेशनवरून मेट्रो घ्या. पुढचंच स्टेशन स्वारगेट, तिथून एसटी.