फौजेबरोबर फिरणारे लॉज : पुण्याच्या तोफखान्यापासून सांता क्लारापर्यंत



उन्हाळा आला की आपल्या सांता क्लारा, सनीवेल, क्युपर्टिनोच्या बागांमध्ये टोपी-काठी घेतलेले आजोबा दिसू लागतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या या पाहुण्यांत निवृत्त लष्करी अधिकारीही असतात. देवळाली, खडकी, बेळगाव अशा छावण्यांत उमेदीची वर्षे घालवलेली ही माणसे. त्यांच्यापैकी एखाद्याने "इथे जवळपास लॉज आहे का रे?" असे विचारले तर मुलगा बिचारा हॉटेल शोधायला लागतो! त्यांना हवे असते ते वेगळेच लॉज - फ्रीमेसन लोकांचे. ही भानगड काय आहे, फौजेशी तिचा काय संबंध आणि आपल्या महाराष्ट्राशी काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

मेसन म्हणजे गवंडी. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ असत. पुढे त्यांत गवंडीकामाशी काही संबंध नसलेले लोक शिरले आणि १७१७ साली लंडनमध्ये चार लॉज एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज झाले. अवजारे मात्र गवंड्याचीच राहिली: गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, थापी. गुण्यासारखे सरळ वागावे, पाणसळीवर सगळे सारखे, असे त्यांचे अर्थ लावायचे, कमरेला एप्रन बांधायचा आणि तीन पायऱ्या चढून 'मास्टर मेसन' व्हायचे. देवावर श्रद्धा हवी, मग तो कोणत्याही नावाचा चालतो. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला मनाई. (हा नियम आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला लावला तर सभा वीस मिनिटांत आटपेल.)

दाराशी पहारेकरी, खुणेचे हस्तांदोलन, परवलीचे शब्द यामुळे लोकांच्या मनात संशय राहिला. हिंदुस्थानात लॉजच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. फारसी जाणणारे 'फरामोशखाना' म्हणत, म्हणजे जिथे गेलेला माणूस सगळे विसरून येतो, निदान बाहेर काही बोलत नाही! खरे सांगायचे तर त्यांची बहुतेक 'गुपिते' दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच छापून झाली आहेत. मला तरी त्यात गुपितापेक्षा नाटक जास्त दिसते, आणि नाटकाची आवड आपल्याला काही परकी नाही.

आता फौजेकडे वळू. लॉज म्हटले की एक गाव, एक इमारत. पण पलटणीचे काय? ती आज डब्लिनला, उद्या जिब्राल्टरला, परवा बोस्टनला. यावर आयर्लंडच्या ग्रँड लॉजने १७३२ मध्ये तोड काढली. सनद गावाच्या नावे न देता पलटणीच्या नावे द्यायची! रॉयल स्कॉट्स या पलटणीला अशी पहिली फिरती सनद मिळाली. मग सनद, अवजारे, पदके आणि पुस्तके एका पेटीत भरून ती पेटी सामानाच्या गाड्यांबरोबर फिरू लागली. मुक्काम पडेल तिथे तंबूत, पडक्या घरात, खानावळीच्या वरच्या खोलीत लॉज भरायचे. वारीतली दिंडी जशी कुठेही उतरली तरी तिचा क्रमांक बदलत नाही, तसे या लॉजचे. गाव बदलले तरी नंबर तोच.

नियमही फौजेला साजेसे. पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याची परवानगी हवी. नेहमीचे लॉज असलेल्या गावात मुक्काम असेल तर तिथल्या नागरिकांना आपल्यात ओढायचे नाही. इंग्रजी घटनेत आणखी एक कलम होते. कॉर्पोरलच्या खालच्या शिपायाला खास परवानगीशिवाय लष्करी लॉजमध्ये सभासद करायचे नाही, फार तर सेवेकरी म्हणून घ्यायचे. पाणसळीवर सगळे सारखे, पण पाणसळ कॉर्पोरलपासून सुरू!

ही पेटी जिथे गेली तिथे काहीतरी पेरून आली. बोस्टनचे उदाहरण घ्या. तिथल्या गोऱ्या लॉजची दारे काळ्या माणसांना बंद होती. ६ मार्च १७७५ रोजी प्रिन्स हॉल आणि त्याच्याबरोबरचे चौदा जण यांना मेसन करून घेतले ते ब्रिटिशांच्या ३८ व्या पलटणीबरोबर आलेल्या आयरिश लॉजने. पुढच्याच महिन्यात लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटले. पलटण गेली, पण ही पंधरा माणसे मागे उरली आणि त्यांनी १७८४ मध्ये थेट लंडनहून आपली सनद मिळवली. आज अमेरिकेत कृष्णवर्णीयांची जी 'प्रिन्स हॉल' मेसनरी आहे, तिचे मूळ एका फिरत्या फौजी लॉजमध्ये आहे. गोऱ्या ग्रँड लॉजनी तिला मान्यता द्यायला सुरुवात केली ती १९८९ मध्ये, कनेक्टिकटपासून. म्हणजे दोनशे वर्षे 'बंधू' एकमेकांच्या दारात उभे राहू शकत नव्हते. बंधुभावाची भाषणे ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्याच युद्धात अमेरिकन बाजूलाही 'अमेरिकन युनियन' हे लष्करी लॉज फेब्रुवारी १७७६ मध्ये निघाले. १७७९ मध्ये स्टोनी पॉईंटचा ब्रिटिश ठाणा पडला, तेव्हा लुटीत शत्रूच्या १७ व्या पलटणीच्या 'युनिटी' लॉजची कागदपत्रे सापडली. जनरल पार्सन्स हे स्वतः 'अमेरिकन युनियन'चे सभासद. त्यांनी ती कागदपत्रे पत्र लिहून शत्रूकडे परत पाठवली.

आता आपल्या पुण्याची गोष्ट. १८१७ ला खडकीची लढाई झाली, १८१८ ला पेशवाई संपली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १५ नोव्हेंबर १८२३ रोजी, बॉम्बे आर्टिलरीच्या लोकांनी पुण्यात 'ओरायन इन द वेस्ट' नावाचे लष्करी लॉज स्थापन केले. ओरायन म्हणजे आपले मृग नक्षत्र. सनद मिळाली ती मद्रासच्या प्रांतिक ग्रँड लॉजकडून, क्रमांक १५. दोनच वर्षांत लष्करी आणि मुलकी मंडळींचे फाटले. मुलकी सभासद बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यातच 'लॉज ऑफ होप' काढले. (पुणे आणि संस्था फुटणे यांचे नाते इतके जुने आहे तर!) पण खरी गंमत पुढे आहे. ओरायनची मंडळी वर्गणी आणि फी नेमाने मद्रासला भरत होती. काही वर्षांनी उघडकीस आले की लंडनला त्यातले काहीच पोचलेले नाही, पैसे नाहीत आणि असे लॉज अस्तित्वात असल्याची नोंदही नाही! लंडनच्या लेखी ते लॉज नव्हतेच. शेवटी १९ जुलै १८३३ रोजी नवी सनद मिळाली. त्यांच्यातून फुटून निघालेल्यांना मात्र लंडनची सनद आधीच मिळाली होती, आणि तीही ओरायनच्याच शिफारशीवरून.

त्याच दशकातली मुंबईची गोष्ट मला जास्त आवडते. तिथे 'बेनेव्होलन्स' नावाचे लॉज होते, साहेबी थाटाचे. मुंबईत तेव्हा तेरा मेसन असे होते की स्वतःचे लॉज काढायला पैसा नाही आणि साहेबांच्या लॉजमध्ये जायला संकोच. त्यातले बहुतेक फौजेतले हवालदार दर्जाचे. ही मंडळी महिन्यातून एकदा किल्ल्याच्या अपोलो गेटवरच्या पहाऱ्याच्या खोलीत जमायची आणि एकमेकांना विधी शिकवायची. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, त्यात ते गेटही गेले. ही गोष्ट 'बेनेव्होलन्स'च्या कानावर गेली तेव्हा त्यांनी तेराही जणांना मानद सभासद करून घेतले.

हे सगळे गोऱ्यांपुरते. आपल्या लोकांचे काय? मद्रासकडे १७७५ च्या सुमारास अर्काटच्या नबाबाचा मुलगा मेसन झाला होता, पण तो नबाबाचा मुलगा. मुंबईत माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनी अर्ज केला तेव्हा त्यांना नकार मिळाला. माणेकजी चिकाटीचे. त्यांनी पॅरिस गाठले आणि तिथे दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईच्या लॉजचे दार उघडेना. अखेर मार्ग काढला तो एका फौजी माणसानेच. डॉ. जेम्स बर्न्स हे मुंबईच्या लष्कराचे डॉक्टर आणि स्कॉटिश मेसनरीचे पश्चिम हिंदुस्थानातले प्रमुख. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघाले, खास हिंदी सभासदांसाठी. बोस्टनचा प्रिन्स हॉल आणि मुंबईचे माणेकजी, दोघांनाही स्वतःच्या गावात दार बंद आणि दोघांनाही आत घेणारे बाहेरचे.

पुढे मुंबईत फोर्टमध्ये १८९७ साली फ्रीमेसन्स हॉल उभा राहिला. तो आजही आहे. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज झाले आणि पहिले ग्रँड मास्टर झाले रामपूरचे नबाब रझा अली खान, हुद्दा मेजर जनरल. भारतीय लॉजमध्ये वेदीवर एकच ग्रंथ नसतो. गीता, कुराण, ग्रंथसाहिब, अवेस्ता, बायबल असे ग्रंथ शेजारी शेजारी उघडलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची.

आता आपल्या अंगणात येऊ. कॅलिफोर्नियाचे ग्रँड लॉज १८५० मध्ये सॅक्रामेंटोला स्थापन झाले. त्याचे पहिले ग्रँड मास्टर जोनाथन स्टीव्हन्सन हे कर्नल होते. मेक्सिकोशी लढाई चालू असताना न्यूयॉर्कच्या स्वयंसेवकांची पलटण घेऊन मार्च १८४७ मध्ये ते जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. (त्याच वर्षी जानेवारीत आपल्या सांता क्लारा मिशनजवळही एक छोटी चकमक झाली होती!) लढाई संपली, सोने सापडले आणि पलटणीतले बरेच जण इथेच राहिले. शेजारच्या सॅन होजे लॉजचा क्रमांक १० आहे आणि सनद १८५० चीच.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन मेसन लोकांची फजिती झाली. फ्रान्समधल्या सैनिकांसाठी काही करावे तर युद्धखात्याने सांगितले की प्रत्येक राज्याच्या ग्रँड लॉजशी वेगवेगळे बोलायला आम्हाला वेळ नाही, एक संस्था घेऊन या. ती नव्हती. मग युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये 'मेसॉनिक सर्व्हिस असोसिएशन' निघाली. तिचे नाव पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जाऊन जखमी-आजारी जवानांची विचारपूस करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे झाले. फौजी मेसन लोकांची 'नॅशनल सोजर्नर्स' ही संघटनाही त्याच सुमाराची. सोजर्नर म्हणजे मुक्कामी, चार दिवसांचा पाहुणा. तिची मुळे मनिलामधल्या अमेरिकन अधिकाऱ्यांच्या क्लबात आहेत. ते लॉज नव्हे. आधी कुठल्यातरी लॉजमध्ये मास्टर मेसन व्हायचे, मग इथे यायचे.

पलटणीबरोबर फिरणारी पेटी आता जवळजवळ इतिहासजमा झाली. त्याऐवजी तळाजवळ कायमची लॉज असतात. जर्मनी आणि जपानमध्ये अमेरिकन सैनिकांनी रुजवलेली लॉज आजही चालू आहेत. तरुण सैनिकाची बदली मध्येच झाली तर उरलेल्या पायऱ्या नव्या गावचे लॉज जुन्याच्या वतीने पार पाडते. आपल्या मंडळातल्या ज्या घरांतली मुले अमेरिकन फौजेत गेली आहेत, त्यांच्या कानावर हे कधीतरी येईलच. घाबरण्याचे कारण नाही, पण भुलण्याचेही नाही. बढतीसाठी शिडी म्हणून जाणार असेल तर जाऊ नये, आणि शपथ घेण्यापूर्वी घरी बोलून घ्यावे. देव न मानणाऱ्याने तर जाऊच नये, कारण पहिलाच प्रश्न तो असतो. मुलींना या लॉजमध्ये प्रवेश नाही. स्त्रियांच्या वेगळ्या संस्था आहेत, पण फौजेत मुली खांद्याला खांदा लावून असताना हा नियम मला तरी पटत नाही. आपल्या गोव्याकडच्या कॅथलिक मित्रांना त्यांच्या चर्चची १७३८ पासूनची मनाई आहे आणि २०२३ मध्ये व्हॅटिकनने ती पुन्हा सांगितली, हेही ध्यानात असू द्यावे.

बाबा भारतात सभासद असतील तर मात्र त्यांना जरूर जाऊ द्या. इथे गाडी नाही, बोलायला समवयस्क नाहीत, दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या माणसाला आपल्यासारखेच फौजेत आयुष्य घालवलेले दोन म्हातारे भेटले तर त्या संध्याकाळची किंमत आपल्याला कळणार नाही. निघतानाच त्यांना आपल्या लॉजच्या सेक्रेटरीकडून चालू वर्षाची वर्गणी भरल्याचे कार्ड आणि ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र आणायला सांगा, इथे आल्यावर ते मागवणे फार वेळखाऊ होते. जाण्यापूर्वी इथल्या लॉजच्या सेक्रेटरीला कळवावे. दारात कागद पाहतील, खुणा विचारतील, थोडी तोंडी परीक्षाही होईल. विधीचे शब्द इथे थोडे वेगळे असतात, त्याने गोंधळू नये. बहुधा जेवणही असते, तेव्हा शाकाहारी असल्यास आधी सांगून ठेवावे. आणि रात्री आणायला कोणीतरी लागेल, सभा नऊ-साडेनऊशिवाय सुटत नाही.