एक सूर जागेवर, दुसरा वाटेवर

वेब पियर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ साली अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या यादीत कितीतरी आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पियर्सचा आवाज लागण्याआधी त्यात काही क्षण बड आयझॅक्सचं स्टील गिटार वाजतं. तेवढा तुकडा मी हेडफोन लावून इतक्या वेळा ऐकला आहे, की पुढचं गाणं काय सांगतं याकडे माझं लक्षच जात नाही. तारा एकदम छेडल्या जातात. एक तार आपल्या जागी वाजत राहते, आणि तिचा नाद सुरू असतानाच शेजारच्या तारा वर सरकतात, नव्या जागी जाऊन बसतात. मींड आपल्या कानाला नवी नाही. सूर वर सरकला याचं आपल्याला अप्रूप नसतं. अप्रूप वाटतं ते एक सूर जागचा हलला नाही याचं.

स्टील गिटारवर एरवी असं होत नाही. हे वाद्य मूळचं हवाई बेटांवरचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू या तरुणानं मांडीवर आडवं ठेवलेलं गिटार पोलादी तुकडा तारांवर घासून वाजवायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्या पोलादी तुकड्यावरून ‘स्टील’ हे नाव आलं. आज त्याला बार म्हणतात. बार सरळ सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच अंतरानं वर जातात किंवा खाली येतात. बार तिरका धरून काही स्वरमेळ साधता येतात, पण ते मोजकेच. म्हणून जुने वादक वेगवेगळ्या मेळांत लावलेल्या दोन-दोन, तीन-तीन, चार-चार माना एकाच वाद्यावर बसवून घेत आणि गाणं बदललं की हात एका मानेवरून दुसरीवर नेत.

पेडल निघालं ते हा व्याप कमी करायला. १९४० च्या आसपास गिब्सन कंपनीचं ‘इलेक्ट्राहार्प’ आलं आणि १९४८ साली पॉल बिग्स्बीनं स्पीडी वेस्टसाठी पेडलचं स्टील बांधून दिलं. पाय दाबला की तारांचा मेळ बदलतो, मग नव्या मेळात वाजवायचं, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे पेडलचं काम दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेतलं, ऐकणाऱ्याला न कळता उरकायचं. आयझॅक्सनं ते काम भर नादात केलं. तार वाजत असताना पाय दाबला आणि तार ताणली जातानाचा प्रवास लोकांना ऐकवला. माझ्या मते पेडल स्टीलचा खरा जन्म या क्षणी झाला. यंत्र आधीपासून होतं, वाद्य त्या दिवशी झालं. त्यानंतर या वाद्यावर जे जे नवं वादनतंत्र आलं, त्यातलं बरंचसं असंच आलं. जी गोष्ट गुपचूप उरकायची होती ती कुणीतरी उघड केली.

हे घडतं कसं, हे समजून घ्यायचं तर वाद्याच्या खाली वाकून बघावं. वरून ते चार पायांचं अरुंद टेबल दिसतं. त्यावर दहा तारा आणि पडद्यांच्या नुसत्या रंगवलेल्या रेघा. रेघांना उंची नसते, त्या डोळ्यांच्या सोयीसाठी असतात. सूर खरा लागला की नाही हे कानानंच ठरवायचं. खालून मात्र जुन्या हातमागाची आठवण व्हावी असा सळ्यांचा पसारा असतो. पेडलपासून एक सळई उभी वर जाते आणि आडवा दांडा फिरवते. त्या दांड्यावरची छोटी खुंटी आडवी सळई ओढते आणि ती सळई उजव्या टोकाला तारेखालचं धातूचं बोट फिरवते. तार त्या बोटाच्या गोलाईवरून गेलेली असते. बोट केसभर फिरलं की तार ताणली जाते. कुठवर ताणायची ते सळईच्या टोकाशी बसवलेल्या नायलॉनच्या बारीक फिरकीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पाय पूर्ण दाबला की तार बरोबर तिथे जाऊन थांबते. पेडलं डाव्या पायाखाली, खटके दोन्ही गुडघ्यांच्या बाजूंना, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. डाव्या हातात बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. एकही अवयव रिकामा नाही.

सर्वांत रुळलेला मेळ ‘ई नाइन्थ’ नावाचा. आपल्या भाषेत मांडला तर तो लगेच उलगडतो. ई हा षड्ज धरला, तर वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं पेडल दोन्ही गंधारांना शुद्ध मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबली की सा-ग-प चा सा-म-ध होतो आणि त्यात षड्ज जागचा हलत नाही. ‘स्लोली’तली जादू ती हीच. आयझॅक्सच्या वाद्यावर हे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते.

ते सुटे केले बडी एमन्सनं. १९३७ साली इंडियानात जन्मलेला हा मुलगा अठराव्या वर्षी लिटल जिमी डिकन्सच्या ताफ्यात होता. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं एका पेडलचं काम दोन पेडलांवर वाटलं. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. पण आता पंचम एकटा धैवतावर जाऊ शकत होता, गंधार एकटा मध्यमावर चढून परत उतरू शकत होता. दोन्ही पेडलं शेजारी-शेजारी, त्यामुळे पाय उचलायची गरज नाही. घोटा नुसता डावीकडून उजवीकडे कलला की एक स्वर उतरता उतरता दुसरा चढतो. पुढे १९६२ मध्ये त्यानं वरच्या बाजूला रे आणि नी या दोन तारा वाढवल्या. गंमत अशी की त्या उंचीच्या क्रमात बसत नाहीत. सर्वांत उंच स्वराची तार पहिली नाही, तिसरी आहे. ती सर्वांत बारीक, पेडलचा ताणही तिच्यावर, त्यामुळे तुटते तीच जास्त. जिमी डे या त्याच्या समकालीनानं पेडलांचे हेच बदल उलट्या क्रमानं बसवले आणि आजही स्टील विकत घेताना ‘एमन्स की डे?’ असं विचारलं जातं. कोणत्या पेडलवर कोणता बदल, या मांडणीला वादक ‘कोपेडंट’ म्हणतात. वादकागणिक ती थोडीफार बदलते. एमन्स २०१५ साली गेला. त्याचा ‘स्टील गिटार जाझ’ हा १९६३ चा अल्बम आज ऐकला तरी हे वाद्य नुसतं रडवण्यासाठी आहे हा समज टिकत नाही.

हे वाद्य मला आपलं वाटतं ते स्वर लावण्याच्या पद्धतीमुळे. पियानोवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर असतो. सेंट म्हणजे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप निघणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ सेंटवर. आपल्याकडे पेटीवरून जो वाद झाला आणि १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, त्याच्या मुळाशी हे चौदा सेंटही होते. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधले अनेक स्टीलवादक गंधाराची तार मुद्दाम पियानोपेक्षा उतरवून, कंप थांबेपर्यंत कानानं जुळवतात. तंबोरा मिळवणारा माणूस तेच करतो. पण मग अडचण येते ती रिषभाची. पंचमाशी जुळणारा रिषभ २०४ सेंटवर आणि पेडल दाबून आलेल्या धैवताशी जुळणारा १८२ वर. हे बावीस सेंटांचं अंतर म्हणजे आपले अभ्यासक जिला प्रमाणश्रुती म्हणतात तीच. नाट्यशास्त्रकार भरतानं दोन वीणा घेऊन जी सांगितली, ती नॅशव्हिलमध्ये सळ्यांच्या जंजाळात भेटते. काही वादक त्यासाठी एक जादा सळई बसवून घेतात, म्हणजे पेडल दाबताच रिषभाची तार तेवढीच उतरते. श्रुतीसाठी बसवलेली ही सळई मला फार आवडते.

भारतात हवाईयन गिटार आलं आणि रुळलं. चाळीसच्या दशकात टाऊ मो हा हवाईचा वादक कुटुंबासह कलकत्त्यात राहिला होता. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनी सिनेमाची गाणी गिटारवर वाजवली. विविध भारतीवर निवेदनाच्या मागे वाजणारे ते लांबट, ओले सूर ऐकत आपली एक पिढी मोठी झाली. ब्रिजभूषण काब्रांनी ते रागसंगीतात नेलं, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांचं गिटार आहे. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेपर्यंत ही वाट येते. या वाटेवर पेडल मात्र लागत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. रागात षड्ज बदलत नाही, स्वरमेळांची ये-जा नाही, मग एक तार धरून दुसरी हलवायची गरज कुठून येणार? आपल्या वादकांनी सगळी बुद्धी एका तारेवरच्या मींडेत घातली. गळ्यातून निघतं ते तारेतून निघावं, ही त्यांची ओढ.

तीच ओढ अमेरिकेत एका वेगळ्याच ठिकाणी दिसते. हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तीसच्या दशकापासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजतं. विली ईसन एका तारेवर गाणाऱ्याचा आवाज हुबेहूब काढायचा. पुढे चक कॅम्बेलनं त्या परंपरेत पेडल आणलं आणि न्यू जर्सीच्या रॉबर्ट रँडॉल्फनं ते चर्चबाहेर, रॉकच्या रंगमंचावर नेलं. कंट्रीतला वादक सूर हळूच सोडतो. चर्चमधला वादक प्रवचनकाराच्या पाठोपाठ जातो, तो ओरडला की तारही ओरडते. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू संगीतात डेमोला अडेपोजू यांनी हेच वाद्य ढोलांच्या गर्दीत आणून ठेवलं, तिथे ते मधूनच चमकून जातं.

साठच्या दशकात प्रयोगांना ऊत आला. पीट ड्रेकनं स्टीलचा आवाज नळीतून स्वतःच्या तोंडात घेतला आणि ओठ हलवून तारेला शब्द बोलायला लावले. १९६४ चं त्याचं ‘फॉरेव्हर’ तसंच आहे. स्नीकी पीट क्लाइनॉवनं या गोड वाद्याला फझ लावून ते खरखरीत केलं. १९८३ मध्ये ब्रायन ईनोच्या चांद्रमोहिमेवरच्या ‘अपोलो’ अल्बममध्ये डॅनियल लानवाचं पेडल स्टील आहे. चंद्रावर जाणाऱ्यांनी सोबत कंट्री गाण्यांच्या टेप नेल्या होत्या, म्हणून. उजव्या पायानं आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग पाय हळूहळू दाबायचा, म्हणजे छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, सूर धुक्यातून आल्यासारखा येतो. ही जुनीच युक्ती तिथे सगळं आकाश भरून टाकते.

सुझन अल्कॉर्नजवळ मात्र थांबायला हवं. टेक्सासमध्ये ती वर्षानुवर्षं कंट्री-वेस्टर्न बँडमध्ये वाजवत होती. फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या रचनेनं तिच्यावर जो परिणाम केला, तो तिच्या अल्बमच्या नावातच उतरला: ‘अँड आय अवेट द रेझरेक्शन ऑफ द पेडल स्टील गिटार’. मेसियाँनं मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहिली होती, हिनं वाद्याच्या. २०१५ च्या ‘सोलेदाद’मध्ये तिनं पियाझोलाचे टँगो एकटीनं वाजवले. तिचं वादन मला धाडसी वाटतं ते आवाज विचित्र काढले म्हणून नाही. एरवी स्टीलवादक उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून मागचा सूर लगेच दाबतो, म्हणजे पुढचा स्वच्छ ऐकू येतो. हे तंत्र साधायला वर्षं जातात. अल्कॉर्न कितीतरी ठिकाणी तो हात काढून घेते. सूर एकमेकांत मिसळू देते, विरून जाईपर्यंत त्यांच्याकडे कान देऊन बसते आणि त्या विरण्यातून वर येणारे बारीक उपस्वर पुढच्या वाक्याची सुरुवात म्हणून उचलते. आयझॅक्सनं तार चढतानाचा प्रवास ऐकवला, हिनं ती विझतानाचा. ती जानेवारी २०२५ मध्ये गेली.

नव्यानं शिकणाऱ्यांनी करून पाहावा असा एक रियाज आहे. पहिलं पेडल अर्धंच दाबायचं. पंचमाकडून धैवताकडे निघालेली तार मध्येच थांबवायची. तिथे कोमल धैवत आहे, पण सळईला तो माहीत नाही. नायलॉनच्या फिरकीनं त्याची जागा ठरवलेली नाही, पायाला टेकायला काही नाही. पाय सैल सोडला तर पंचम, रेटला तर शुद्ध धैवत. मधली जागा घोट्यानं तोलून धरावी लागते. पहिल्या दिवशी तार नुसती थरथरते. नंतर ती थरथर संथ होते, मग तिला दिशा येते, आणि एखाद्या सकाळी, बार अजिबात न हलवता, केवळ पावलाच्या जोरावर भैरवातला आंदोलित धैवत लागतो, आणि शेजारी षड्जाची तार जिथल्या तिथे वाजत असते.