प्लाझ्मा म्हणजे भट्टी नव्हे

विजेच्या बोर्डात करंट आहे की नाही हे पाहायला आपण टेस्टर लावतो. मागच्या टोपीवर बोट टेकवलं की आतला बारीकसा दिवा नारिंगी उजळतो. तो उजेड प्लाझ्माचा असतो. काचेच्या त्या इवल्या नळीत कमी दाबाचा निऑन वायू भरलेला असतो. विजेमुळे त्याच्या काही अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, मागे आयन उरतात, आणि हा प्लाझ्मा बोटापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर धरून आपण निवांत उभे असतो. बोट भाजत नाही. टेस्टर कोमटसुद्धा होत नाही.

हे आधी सांगायचं कारण आहे. प्लाझ्मा वापरून कार्बनचे नॅनोपदार्थ तयार करतात आणि त्यांपासून वायूंचे सेन्सर बनवतात, एवढं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो : ‘प्लाझ्मा म्हणजे सूर्यावरचं तापमान ना? मग कार्बनची राख नाही का होणार?’ शाळेतल्या मुलीने हे विचारलं तर आनंदच होतो, कारण ती विचार करते आहे. पण विज्ञानाचं शिक्षण झालेली माणसंही ‘प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेने कार्बन तयार होतो’ असं बेधडक लिहितात, तेव्हा मात्र राग येतो. या तंत्रात जे मोलाचं आहे, नेमकं तेच त्या वाक्यात पुसलं जातं.

आधी राखेचा प्रश्न मिटवू. जळायला ऑक्सिजन लागतो. इथे बंद कक्षातली हवा पंपाने उपसून टाकतात आणि मिथेन किंवा ॲसिटिलीन, सोबत हायड्रोजन, अमोनिया किंवा आर्गॉन सोडतात. जाळणारं कोणी आत नसतंच. शिवाय शुद्ध कार्बन जळाला तरी राख उरत नाही, तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो.

आता तापमान. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमधल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान साधारण ११,००० अंश सेल्सिअस भरतं. हा आकडा खरा आहे. आणि ट्यूबची काच हाताला जेमतेम गरम लागते, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? टेबल टेनिसचा चेंडू रोडरोलरवर कितीही जोरात मारा; चेंडू जवळजवळ तितक्याच वेगाने परत येतो, रोलर तसूभरही हलत नाही. इलेक्ट्रॉन हा निऑनच्या अणूपेक्षा सुमारे ३७,००० पट हलका. वीज वेग देते ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांना, आणि अणूवर आदळताना त्यांच्याकडून अणूला मिळणारा ऊर्जेचा वाटा दहा हजारात एखादा. दाब कमी असला की टकराही कमी होतात. म्हणून इलेक्ट्रॉन तापलेले राहतात आणि वायू थंडच राहतो. एकाच डब्यात दोन तापमानं.

वायू थंड असला तरी हे वेगवान इलेक्ट्रॉन रेणू फोडू शकतात, आणि त्यांचं सगळं महत्त्व इथे आहे. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. नुसत्या उष्णतेने हे करायचं तर मिथेन साधारण ९०० ते १,००० अंशांपर्यंत तापवावा लागतो. प्लाझ्मात एखादा जोरकस इलेक्ट्रॉन ते काम एका धडकेत करतो. सुट्या झालेल्या तुकड्यांतला कार्बन मग निकेल किंवा लोखंडाच्या सूक्ष्म कणांवर नळ्यांच्या रूपात वाढत जातो.

याचा पुरावा हवा असेल तर १९९८ सालचा झिफेंग रेन आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला लेख पाहावा. त्यांनी ॲसिटिलीन आणि अमोनियाच्या प्लाझ्मात, ६६६ अंशांच्या खाली, चक्क काचेवर कार्बन नॅनोट्यूबचं ताठ उभं रान उगवून दाखवलं. काच शाबूत राहिली. दुसरा पुरावा मला त्याहून आवडतो. २००० साली बोवर आणि सहकाऱ्यांनी नळ्या वाढत असताना मध्येच प्लाझ्मा बंद केला आणि वाढ नुसत्या उष्णतेवर चालू ठेवली. प्लाझ्मात वाढलेला भाग सरळ निघाला, उष्णतेवर वाढलेला भाग वेडावाकडा. पृष्ठभागालगत प्लाझ्माचं जे विद्युत क्षेत्र असतं, त्याने नळ्यांना दिशा दिली होती. भट्टीत ही गोष्ट घडत नाही.

मग भट्टीचा समज आला कुठून? त्यालाही मूळ आहे. सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली ज्या नळ्यांचं वर्णन केलं, त्या विद्युत कमानीत तयार झाल्या होत्या. दोन ग्रॅफाइट दांड्यांमधल्या त्या प्लाझ्मात काही हजार अंशांना कार्बनची वाफच होते. म्हणजे उष्ण प्लाझ्मा खरोखर असतो. पण एका प्रकाराचा गुण सगळ्या जातीला चिकटवणं बरोबर नाही. आणि सेन्सरसाठी तर थंड प्रकार विशेष कामाचा. चिपवर आधीच घातलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा ६६० अंशांना वितळतात, त्यामुळे प्रत्येक अंश वाचवणं गरजेचं असतं. नळ्यांसाठी तळ काहीशे अंश तापवावा लागतोच, मात्र भट्टीइतका नाही.

दुसरा गैरसमज असा, की कार्बन जितका निर्दोष तितका सेन्सर चांगला. प्लाझ्मातून निघालेल्या पदार्थात दोष राहतात म्हणून नाकं मुरडली जातात. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. निर्दोष ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड पापुद्र्यावर, वायूचे बरेचसे रेणू नीट टिकतच नाहीत. ते चिकटतात कडांना, तुटलेल्या बंधांना, ऑक्सिजनचे गट बसलेल्या जागांना. २००९ साली जॉन्सन यांच्या गटाने सेन्सर घडवताना ग्राफीनवर राहिलेला रसायनाचा पातळ थर साफ केला, तर सेन्सरचा प्रतिसादच कोसळला. तोवर ज्याचं श्रेय ग्राफीनला दिलं जात होतं, ते बऱ्याच अंशी त्या थराचं होतं. पुढे मुद्दाम प्लाझ्माची हलकी झुळूक देऊन पृष्ठभाग ओबडधोबड करतात, ते याचसाठी. दोष वाढत गेले तर वीज वाहणंच अवघड होतं, म्हणून हात आवरता ठेवावा लागतो.

या सेन्सरांबद्दलची आणखी काही ठरलेली वाक्यंही तपासू. ‘हा सेन्सर एकेक रेणू हुंगतो.’ २००७ साली मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर तसं दाखवलं, पण प्रयोगशाळेच्या काटेकोर परिस्थितीत. स्वयंपाकघरात कुकरची वाफही असते, आणि आर्द्रतेनेही सेन्सरचा विजेला होणारा रोध बदलतो.

‘तो वायू ओळखतो.’ नाही, तो फक्त रोध मोजतो. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन काढून घेतो, रोध घटतो. अमोनिया देतो, रोध वाढतो. वायू वेगळे ओळखायचे तर अनेक सेन्सरांची रांग लागते, किंवा वर खास लेप; हायड्रोजनसाठी पॅलेडियमचा.

‘खोलीच्या तापमानाला चालतो, म्हणजे हीटर नकोच.’ वायू पकडायला हीटर नको, पण पकडलेला वायू सोडायला हवा. जिंग काँग आणि होंगजिए दाय यांच्या गटाने २००० साली नॅनोट्यूबचा सेन्सर दाखवला, त्याला नायट्रोजन डायऑक्साइडच्या माऱ्यानंतर आपोआप पूर्ववत व्हायला काही तास लागत. तापवल्यावर काम लवकर होई.

‘आता घरातले गॅसचे अलार्म याचेच असतात.’ सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन कार्बनशी इलेक्ट्रॉनांची देवघेव सहजी करत नाहीत. ओट्याखाली लावलेल्या अलार्मच्या जाळीमागे आजही बहुतेक वेळा टिन ऑक्साइडच असतं, छोट्याशा हीटरने काहीशे अंशांवर सतत तापवलेलं.